जित्ता व्हता म्हणून नेला

घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं, म्हणतात ना, तशी समताची गत झाली होती. मेहकरच्या कॉलेजात ती प्राणिशास्त्र शिकवायची, तेही तासिकेवर. म्हणजे तास घेतला तर मास्तरीण, नाही घेतला तर कोणी नाही. असं करता करता चाळिशी उलटली. तिच्या हाताखाली शिकलेल्या पोरी कुठे कुठे कायम झाल्या, ही तिथंच. सकाळी जानेफळहून एसटीनं जायचं, दुपार कलली की यायचं, बापासाठी भाकरी टाकायची आणि पाठ टेकायची. लग्न झालं होतं, मोडलंही होतं, आणि त्याचं तिला आता रडूही येत नव्हतं. थकली होती बाई, दुसरं काही नाही. अशा थकल्या बाईच्या गळ्यात ऐन वैशाखात एक मासा पडला.

मासा म्हणजे खायचा नव्हे. सकर म्हणतात त्याला. मूळचा सातासमुद्रापलीकडचा, दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांचा. हौशी लोक काचेच्या पेटीत ठेवतात, काचेवरचं शेवाळ चाटून साफ करतो म्हणून. आणतात तेव्हा बोटाएवढा, गोजिरवाणा. मग वाढतो, हातभर होतो, पेटीत मावत नाही. आता माणूस काय करतो? मारायला हात धजत नाही आणि ठेवायला जागा नाही. जवळच्या तळ्यात नेऊन सोडतो आणि वर पुण्य केलं म्हणतो. जानेफळच्या तळ्यात कोण्या शहाण्यानं तो सोडला ते आजवर कळलं नाही. कळून तरी काय करणार होते, त्याची मिरवणूक काढणार होते?

चार पावसाळ्यांत तळ्यात ते उदंड झाले. अंगावर खवले नाहीत, हाडाचं चिलखत आहे. कल्ल्याजवळच्या पराला असा काटा की जाळ्यात शिरला की जाळं फाडूनच निघणार. काठ पोखरून बिळं करतो आणि त्यात अंडी घालतो. तळाशी जे असेल ते खरवडून खातो, म्हणजे इथल्या मृगळाच्या, वांबीच्या, झिंग्यांच्या तोंडचा घास पळवतो. बरं, माणसाच्या तोंडी काही लागावं, तर तेही नाही. सोलायला गेलं तर कोयता बोथट. तळ्यात भोयांची मच्छीमार सोसायटी मासे धरायची. त्या लोकांनी त्याचं नाव ठेवलं दगड्या. जाळ्यात आला की शिव्या देत सोडवायचा आणि बांधावर भिरकावायचा. मारायचे कष्ट कोण घेतो, ऊन आहे की वर.

तर अशा परक्या जलचरांपासून कुठल्या पाण्याला किती धोका आहे, हे मोजायचं काम सरकारातून कॉलेजकडे आलं. कॉलेजातल्या कायम लोकांना उन्हाळ्याच्या सुट्ट्या होत्या, म्हणून ते समताकडे आलं. पन्नासच्या वर प्रश्न. हा प्राणी इथल्या हवेत टिकेल का? इथल्या माशांचं अन्न खाईल का? पाण्याबाहेर बराच वेळ जगतो का? माणसं त्याला एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात नेतात का? प्रत्येकाला हो, नाही किंवा माहीत नाही असं उत्तर द्यायचं, आणि वर तुमची स्वतःच्या उत्तरावर खात्री किती तेही सांगायचं. समताला वाटलं, आयुष्यात आपल्याला खात्री कशाचीच नव्हती, आणि विचारणारे आत्ता विचारतात.

पण गंमत नव्हती त्यात. सगळ्या प्रश्नांचा निकाल एकाच गोष्टीवर लागणार होता, ती म्हणजे हा मासा तळ्यातून पैनगंगेच्या धरणात पोचू शकतो का. पोचू शकत असेल, तर पावसाच्या आत पंप लावून तळं कोरडं करायचं, त्यातला जीव न् जीव मारायचा आणि चिखलावर ब्लीचिंग पावडर मारायची. पोचू शकत नसेल, तर तळं तसंच राहू द्यायचं आणि दगडे हळूहळू वेचून काढायचे. तळं मरणार की राहणार, ते समताच्या उत्तरावर. आणि तळं मेलं, तर सोसायटीच्या लोकांचं वर्ष बुडालंच, पण त्याहून जास्त धसका समताला बापाचा होता.

बाप म्हणजे शेषराव. गावात सगळे त्यांना आबा म्हणायचे. सारा जन्म पिठाची चक्की चालवली, आता सत्तरी ओलांडलेली. तरुणपणी जाळीच्या देवाला, महानुभावांच्या त्या तीर्थावर, महंतांकडून उपदेश घेतला आणि तेव्हापासून पंथाची रीत कडक पाळली. भेटेल त्याला हात जोडून दंडवत म्हणणार, मुंगी चुकवून पाऊल टाकणार. पाणी गाळल्याशिवाय पिणार नाहीत, आणि गाळलं की फडकं उलटं करून पुन्हा आडात धुणार, त्यात अडकलेला जीव पाण्यात परत जावा म्हणून. दरवर्षी वैशाखात तळं आटून काठाला डबकी उरली की आबा घागर घेऊन निघायचे. डबक्यातली तडफडणारी मासोळी घागरीत भरायची आणि भरल्या विहिरीत नेऊन सोडायची. लहानपणी समता तांब्या घेऊन मागे मागे चालायची. गाव हसायचं. सोसायटीवाले हसायचे नाहीत. एक माणूस धरतो, एक सोडतो, तळं दोघांचं, अशी त्यांची समजूत होती. बायको गेली, चक्की विकली, पण आबांचं हे व्रत काही सुटलं नाही. त्या तळ्यातले सगळे मासे मारायचे, हे या माणसाला कोण्या तोंडानं सांगायचं? समताला रात्री झोप लागत नव्हती ती यामुळे.

म्हणून तळं वाचावं असं तिला मनापासून वाटत होतं, आणि मोजणारानं असं वाटून घेऊ नये हेही तिला समजत होतं. पण वाटण्याला कोण काय करणार? सुदैवानं जमीन तिच्या बाजूनं होती. तळ्याच्या सांडव्याचं पाणी दोन वावरं ओलांडून तिसऱ्यात मुरायचं, नदीकडे मधे टेकाड आडवं. पूर आला तरी मासा टेकाड चढून जाणार नव्हता. राहिला प्रश्न माणसांचा. तो तिनं गावभर विचारला. गुराख्यांना विचारलं, धुणं धुणाऱ्या बायांना विचारलं, चहाच्या टपरीवर विचारलं. शेवटी सोसायटीचा अध्यक्ष गोकुळ याला विचारलं. तो शाळेत तिच्याच वर्गातला, पण ती मास्तरीण झाल्यापासून मुद्दाम मॅडम म्हणायचा.

“मॅडम,” तो म्हणाला, “त्या दगड्याले कोन नेईन? कुत्रं तोंड नाही लावत त्याले.”

सगळे हसले. समताही हसली, कितीतरी दिवसांनी. उत्तर दिलं, नाही. खात्री, पूर्ण. काखेत कळसा अन् गावाला वळसा, याला दुसरं काय म्हणावं? गावातल्या माणसा-माणसाला विचारलं आणि ज्याच्या ताटात रोज भाकरी वाढत होती त्याला तेवढं विचारायचं राहिलं. आता घागर झेपत नाही म्हणून आबा सकाळी लुना काढून तळ्याकडे जातात आणि दुपारपर्यंत येतात, एवढं तिला माहीत होतं. म्हातारा माणूस पाय मोकळे करतो, असं तिनं धरलं होतं. आपण थकलो की घरच्या माणसाकडे बघायचं पहिलं सोडतो.

कामाच्या रीतीप्रमाणे एक नजर धरणावरही टाकायची होती, तिथं हा मासा आजघडीला नाही, एवढं सांगण्यापुरती. म्हणून एका सकाळी ती तिकडे गेली. धरणातला माल घेऊन मेहकरच्या बाजारात विकणारा बशीर काठावर बर्फ फोडत बसला होता. तिनं फोनवर सकरचा फोटो दाखवला आणि असा कधी येतो का, असं अगदी ‘नाही’ ऐकायच्या तयारीनं विचारलं. बशीरनं फोटोकडे नीट बघितलंसुद्धा नाही. येतात की, दोन सालापासून येतात, म्हणाला, आणि पलीकडे वाळत टाकलेलं जाळं दाखवलं. जागोजागी फाटलेलं, जागोजागी शिवलेलं.

मग तुम्ही धरलेल्याचं करता काय, मारून टाकता का, असं तिनं विचारलं. बशीरनं कानाला हात लावला.

“मारतो कशाले? वापस पान्यात सोडतो. शेषरावकाकाचे मासे हाय ते. काका लुनावर पोत्यात आनते, देवाचं नाव घेऊन सोडते. बुजुर्ग मान्सानं जीव वाचवून सोडलेला मासा आमी मारून फेकाव, तर अल्ला काय म्हनीन, मॅडम?”

शेषराव हिचे कोण, हे त्याला माहीत नव्हतं. त्यानं भल्या मनानं सांगितलं. समता तिथं दगडावर बसली. तिला राग आला, बापाचा आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा आला. सकर मासा पाण्याबाहेर कितीतरी तास जगतो, पोटात हवा धरतो, हे ती दरवर्षी पोरांना फळ्यावर लिहून देत आली होती. त्या प्रश्नाला तिनं हो असंच उत्तर दिलं होतं. आणि तास न् तास जिवंत राहणारा मासा रोज बांधावर फेकला जातो, आणि त्याच बांधावर जिवंत काही दिसलं की न उचलता पुढे न जाणारा माणूस रोज चालतो, ही दोन टोकं तिला जोडता आली नव्हती. लाज वाटली तिला. मग राग गेला, लाजही गेली, आणि मागे तोच जुना थकवा उरला. बशीरनं पाणी दिलं ते ती प्यायली आणि रिक्षा बघायला रस्त्यावर आली.

घरी आली तर आबा ओट्यावर बसले होते आणि ओलं पोतं लुनावर वाळत होतं. म्हणजे आजही नेला होता. रोज नजरेसमोर असलेलं ते पोतं तिला आज दिसलं. ती चप्पलसुद्धा न काढता समोर बसली.

“आबा, बांधावरचे दगडे तुमी धरनावर नेता?”

“हाव. काऊन?”

“काऊन नेता?”

आबांना प्रश्नच समजला नाही. “काऊन म्हन्जे? गोकुळचे लोक फेकून देते त्याइले. दुसरा मासा कसा, पान्याबाहेर काढला का संपला. हे मरतच नाही, बाई. सकायी फेकलेला दुपारी तोंड हालवून राह्यते. जित्ता व्हता म्हनून नेला. तळ्यात सोडला त ते पुन्हा धरते, पुन्हा फेकते. धरन मोठं हाय. तिथं कोनी त्रास देत नाही त्याले.”

आता सांगा, या माणसावर ओरडणार कसं? समता ओरडली नाही. आतून पाणी आणून त्यांना दिलं, आपण घेतलं, आणि मग चौथीच्या पोराला सांगावं तसं सगळं सांगितलं. हा मासा कुठला, इथं त्याला खाणारं कोणी कसं नाही, तो काठ कसे पोखरतो, दुसऱ्याचं अन्न कसं संपवतो. तळं टेकाडाच्या आत होतं, तिथून तो जाऊ शकत नव्हता. धरणाच्या खाली मात्र सगळी पैनगंगा मोकळी आहे. आबा ऐकत होते. तिचं संपल्यावर त्यांनी विचारलं, “मंग तिथले बाकीचे मासे?”

“कमी होतीन. हळूहळू.”

“किती?”

“ते कोनालेच सांगता येत नाही, आबा.”

आबांनी मान हलवली. मग म्हणाले, “म्हन्जे म्या मारले.”

“तुमी नाही मारले,” समता म्हणाली. साऱ्या वैशाखात तिनं दिलेल्या उत्तरांपैकी याच एकावर तिची काडीची खात्री नव्हती, आणि ते आबांनाही कळलं.

ते जेवले नाहीत. ती जेवली, कारण भूक लागली होती, आणि जेवताना तिला स्वतःचा संताप आला.

आता उत्तर बदलायचं होतं. कोणी बघायला येणार नव्हतं. तिनं जुनं ‘नाही’ तसंच ठेवलं असतं, तर बापाचं नाव झाकून राहिलं असतं आणि तळंही वाचलं असतं. ‘हो’ लिहिलं तर बापाच्या हातानं तळं बुडालं, असं गाव म्हणणार. तिनं ‘हो’ लिहिलं. मोठेपणा म्हणून नव्हे. खोटं एकदा बोललं की ते सांभाळत बसावं लागतं, आणि तेवढा जीव तिच्यात उरला नव्हता. सोबत बशीरकडून मागवून घेतलेला धरणातल्या सकरचा फोटो जोडला आणि पंप कधी येतात याची वाट बघत बसली.

पंप आले नाहीत. मासा धरणात पोचलेला आहे, तेव्हा आता तळं कोरडं करून उपयोग नाही, असा निरोप आला. बैल गेला आणि झोपा केला, असं करायला नको, एवढाच त्याचा अर्थ. तळं राहील, सोसायटीनं दगडे वेचत राहावेत. तळं वाचावं म्हणून समतानं किती दिवस देव पाण्यात ठेवले होते. ते वाचलं, आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गोकुळला मात्र आभाळ ठेंगणं झालं. कोणाकडून त्याच्या कानावर काय गेलं कोण जाणे, दुसऱ्या दिवशी तो चार माणसं, शेला आणि नारळ घेऊन दारात हजर. आबांच्या खांद्यावर शेला घातला, हातात नारळ दिला, पायाला हात लावला.

“आबा, तुमच्या पुन्याईनं तळं वाचलं. तुमी ते दगडे नेले नसते, त आमचं सारं मारून टाकलं असतं सरकारी लोकाइनं.”

त्याचं खोटं नव्हतं. म्हणूनच तर ते लागलं. आबा नारळाकडे बघत उभे राहिले. शेला खांद्यावरून घसरला तो त्यांनी सावरला नाही. “धरनावरच्या लोकाइले सांग हे,” एवढंच म्हणाले आणि आत गेले. गोकुळला वाटलं म्हाताऱ्याला भरून आलं.

धरणावर मात्र ते स्वतःच गेले. समता सोबत होती. बशीरनं उठून खुर्ची दिली, काका म्हणून चहा सांगितला. आबा खुर्चीवर बसले नाहीत. जन्मभर मुंगी चुकवून चालणाऱ्या माणसाला दुसऱ्याकडून एक गोष्ट मागायची होती, आणि त्या गोष्टीचा शब्द त्यांच्या तोंडातून निघेना. शेवटी म्हणाले, “बशीर, ते मासे माह्या नावानं वापस सोडत जाऊ नोको.” मार, असं ते म्हणाले नाहीत. बशीरनं समताकडे बघितलं, तिनं मान खाली घातली, आणि तो समजला. ठीक आहे काका, म्हणाला. चहा आला, तो तिघांनी उभ्यानं घेतला.

परवाची गोष्ट. सुट्टीचा दिवस होता, आणि आबा सकाळी लुना न काढता पायीच तळ्याकडे गेले. घरी यायची वेळ टळली तशी समता बघायला निघाली. सोसायटीचे लोक जाळी ओढून कधीच गेले होते. बांधावर आबा मांडी घालून बसलेले, समोर एक दगड्या. चांगला हातभर, काळा, पाठीवर चिखल सुकलेला. कल्ला थांबून थांबून हलायचा. खाली वीस पावलांवर पाणी होतं.

समता शेजारी बसली. चला म्हणाली नाही. गोकुळला हाक मारली असती तर त्यानं एका दगडात त्याचं संपवलं असतं आणि ते बरंही झालं असतं, पण आबांसमोर ते बोलायची तिची छाती झाली नाही. आपण करावं, तर तिचाही हात उचलेना. घरात एवढी विद्या, आणि दोन माणसं एका माशापुढे बसून राहिली.

“अजून किती वेळ लागन त्याले?” आबांनी विचारलं.

“संध्याकाळ होईन, आबा.”

ऊन डोक्यावर आलं होतं. समतानं आपली छत्री उघडून आबांच्या हातात दिली. त्यांनी ती घेतली आणि हात आपसूक पुढे गेला, सावली माशावर पडली. मासा निवल्यासारखा झाला, कल्ला भरभर हलू लागला. आबा बघत राहिले. सावलीनं त्याचं मरण फक्त लांबत होतं, हे त्यांना सांगावं लागलं नाही. त्यांनी छत्री मिटली, बाजूला ठेवली, डोक्यावरची टोपीही काढली आणि माशाला दोन्ही हात जोडून म्हणाले, “दंडवत.” मग ते त्याच्यासोबत उन्हात बसले.